दोन हात पाणी

४ एप्रिल
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. दुसऱ्याच्या होडीत जाळं ओढण्यापासून सुरुवात केली, आज मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष आहे, म्हणजे आपणही त्यात आलो. संकल्प: रोज लिहिणे. खरं तेच लिहिणे.

७ एप्रिल
मधले दिवस गडबडीत गेले.
जलाशयाच्या नव्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात आहेत. पाणी दोन हात उतरल्याशिवाय काँक्रीट होणार नाही, म्हणतो मिस्त्री. उद्घाटन महिनाअखेर. कोनशिला आली. माझं नाव आहे, पण अक्षर बारीक वाटतं.

८ एप्रिल, सकाळ
नियम असा की, पाणी उतरवायचं असेल तर जलाशयाच्या गेटवाल्या साहेबांनी आधी अध्यक्षाला विचारायचं आणि अध्यक्षाने मच्छीमारांना. हा नियम मीच भांडून करून घेतला. आज साहेबांना मीच फोन लावला. म्हणाले, सोडतो, मला काय, पण तुमच्या लोकांना विचारलंत ना? म्हटलं, विचारलंय.
स्वतःला विचारलं होतं. मीही मच्छीमारच आहे. नियम मोडला असं कुणी म्हणू शकणार नाही.

त्याच दिवशी, दुपार
काठच्या बुडालेल्या गवतात मासे अंडी घालतात हे मला कुणी शिकवायला नको. पण यंदा थंडी लांबली. मासेही लांबतील. बहुतेक.

११ एप्रिल
पायऱ्या उघड्या पडल्या. मिस्त्री खूश. काठाला वास येतोय. गाळाचा असणार.

१२ एप्रिल
गाळाचा नाही.
काठाने चालत गेलो. गवत आडवं होऊन वाळलंय. पात्यांना मोहरीएवढी अंडी चिकटलेली, सगळी पांढरी पडलेली. शिंपले तोंड वासून पडलेत. पाणी मागे सरकलं तसे तेही सरकत असावेत, चिखलात त्यांच्या रेघा दिसतात. रेघा अर्ध्यावर संपतात. चतुराच्या अळ्यांच्या नुसत्या काड्या झाल्यात. त्या खाऊनच तर पिल्लं वाढतात. कावळ्यांची चंगळ.
थोडे शिंपले उचलून पाण्यात टाकले. कुणी बघत नाही ना, हे आधी पाहिलं.

१५ एप्रिल
वरच्या धरणातून पाणी आलं, पातळी होती तिथे. दोन हात गेलं, दोन हात आलं. विषय संपला.

१६ एप्रिल
संपला नाही. मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, यंदाच स्वतःची होडी केलीय, हंगामावर सगळी भिस्त. म्हणाला, भाऊजी, ऐन अंड्यांच्या वेळी पाणी उतरवलं कुणी? तुम्हाला विचारलं होतं का? मी म्हणालो, बघतोच एकेकाकडे, चौकशी लावतो. आत बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली, मग पुन्हा सुरू झाली. आपले कान फार तिखट, हीच पंचाईत.

१९ एप्रिल
चौकशी समिती स्थापन. अध्यक्ष मी. मेहुण्यानेच नाव सुचवलं, म्हणाला, भाऊजी कुणाच्या बापाला घाबरत नाहीत. टाळ्या पडल्या. भाषण मात्र आवरतं घेतलं.

२४ एप्रिल
संशयित दोन. गेटवाले साहेब आणि निसर्ग. साहेबांकडे बोट दाखवलं तर ते माझ्याकडे दाखवतील. निसर्गाकडे झुकतोय.

३० एप्रिल
उद्घाटन झालं. पाहुणे म्हणाले, पायऱ्या छान झाल्यात. संकल्प: पायऱ्यांकडे न बघणे.

१८ जून
पिल्लं नाहीत. मोठे मासे लागतात, पण नुसती डोकी, अंगावर मांस नाही. खायला काठाला काही उरलंच नाही. पाणी तेवढं परत आलं.
बर्फाच्या शेडमागे दोघं बोलत होते. एक म्हणाला, अध्यक्ष आपला आहे म्हणून बरं, परका असता तर प्रकरण कधीच दाबलं असतं. पुढचं ऐकलं नाही. कधी नव्हे ते कान झाकले.

२९ जून
मेहुण्याने होडी विकायला काढली.

१ जुलै
मेहुणा भांडायला म्हणून गेटवाल्या साहेबांकडे गेला आणि गप्प होऊन आला. माझ्याशी बोलला नाही, थेट स्वयंपाकघरात. मी बाहेर पेपर धरून बसलो. म्हणाला, ताई, भाऊजींनीच सांगितलं होतं. तिने गॅस बारीक केला. मग विचारलं, लोकांना सांगणार? तो म्हणाला, सांगितलं तर हे खुर्चीवरून जातील, आणि बाजारात लोक तुला तोंडावर बोलतील. मग चहा दे म्हणाला. साखर जास्त घाल म्हणाला.
संकल्प: उद्याच्या सभेत उभं राहून सगळं कबूल करणे. भाषण लिहून काढलं. फार छान उतरलंय.

२ जुलै
सभा भरली. मी उठणारच होतो. चष्मा पुसत होतो, तेवढ्यात मेहुणा उभा राहिला. म्हणाला, भाऊजींनी मला विचारलं होतं, मीच हो म्हणालो, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. लोक तुटून पडले. स्वतःची होडी झाली म्हणून माज आला, म्हणाले. एकाने आईवरून शिवी दिली. माझ्या सासूबाईंवरून. तो मान खाली घालून उभा. मला वाटलं, एकदा तरी माझ्याकडे बघेल. बघितलं नाही.
आवाज फार वाढला तेव्हा मी टेबलावर हात आपटला. म्हणालो, शांतता राखा.
सगळ्यांनी राखली. मीही राखली.