बाजारातल्या मोकळ्या जागेचं काय करायचं

४ फेब्रुवारी

फुलझाडं! मी फुलझाडं म्हणाले. माझं मलाच कळेना, ही फुलझाडं आली कुठून.

झालं असं, की नगरपालिकेची मुलगी आमच्या कापडाच्या दुकानात आली. बगलेत नकाशांच्या गुंडाळ्या. बाजारात हिला सगळे नकाशावालीच म्हणतात. हातगाड्यांचा जुना तळ हलवला, ती कोपऱ्याची जागा मोकळी पडलीये. तिथे काय हवं ते नागरिकांनी सांगायचं. अधिकारी आधी ऐकणार, मग ठरवणार. ऐकायला किती छान! अण्णा, म्हणजे माझे सासरे, गादीवर बसले होते. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे ते बराच वेळ नागरिक झाले. मग ती शिवणयंत्राशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला काय हवंय?"

मला काय हवंय! मला तिथे बायकांसाठी मुतारी हवीये. लिहिलं बाई एकदाचं. अख्ख्या बाजारात बायकांना जायला जागा नाही. पुरुषांना त्या तळाची मागची भिंत आहे आणि लाज नाही, त्यामुळे त्यांचं भागतं. मी सकाळी अर्धा कप चहा घेते, मग घरी पोचेपर्यंत घोटभर पाणी पीत नाही. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

शब्द अगदी ओठांवर आला. समोर सासरे, गल्ल्याशी नवरा. आणि मी म्हणाले, फुलझाडं.

५ फेब्रुवारी

अण्णांनी दोन गिऱ्हाइकांना सांगितलं, आमच्या सूनबाईंना फुलांची फार आवड.

९ फेब्रुवारी

मंडळाच्या हॉलमध्ये पहिली बैठक. वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे बरोबर बायकांचे हात कणकेत असतात तेव्हाची. तरी आम्ही तिघी होतो. मी, औषधवाल्याची बायको आणि फळवाल्या मावशी. आम्हाला आत घ्यायचं कारण म्हणजे चहा.

औषधवाल्याला तिथे गाड्या लावायला जागा हवी. भांडीवाल्याला कारंजं हवं, वर घड्याळ. निवृत्त हेडमास्तर बाजाराच्या इतिहासावर बोलायला उभे राहिले आणि इतिहासातून बाहेरच येईनात. शेवटी नकाशावालीनं विचारलं, महिलांचं काय मत? सगळ्या माना वळल्या. अण्णा अगदी कौतुकानं म्हणाले, "बोल ना सूनबाई. आपल्याकडे कसलंही बंधन नाही."

ते वाक्य ऐकलं आणि मी कपबशा गोळा करायला लागले. यांच्या घरात बंधन नाही हे यांनी भर सभेत जाहीर केलंय, आता मी मुतारी म्हणाले तर बंधन का असावं हे सगळ्यांना कळेल.

मावशींनी धीर केला. पदराआडून म्हणाल्या, "बायकांची जरा सोय व्हायला पाहिजे." मला वाटलं, जिंकलो. मंडळाच्या चिटणीसानं मान डोलावली आणि लिहून घेतलं. वाचून दाखवलं तेव्हा कळलं काय लिहिलं ते. महिलांच्या बसण्याच्या सोयीसाठी बाकडी.

मावशी परत येताना म्हणाल्या, "बसून बसून तर जीव जातोय, आणखी बाकडी कशाला?"

१० फेब्रुवारी

नकाशावाली माप घ्यायला आली तेव्हा तिला दुकानाच्या मागच्या बोळात गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. ती म्हणाली, मला कळलं होतं, बाजारात काम असतं त्या दिवशी मीही पाणी पीत नाही. मग लिही की, म्हटलं. तर म्हणते, बैठकीत जे कुणी बोललं नाही ते मला लिहिता येत नाही. इतिवृत्तात आलं तर नकाशात येतं. कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं.

"कुणीतरी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"कुणीही. पण सभेत."

म्हणजे सरकारला कान आहेत, पण ते सभेतच उघडतात.

१३ फेब्रुवारी

ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. विषय अगदी बरोबर आहे म्हणाले. मग म्हणाले, पण अण्णांसमोर कसं बोलायचं? आणि त्याच क्षणी त्यांना गोदामात काहीतरी महत्त्वाचं आठवलं.

सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या. काही बोलतील असं वाटलं नव्हतं. ह्या घरात त्यांचा आवाज फक्त हाक मारायला येतो. हे गेल्यावर म्हणाल्या, "लग्नानंतर मी बसायचे दुकानात. गादीवर. कापड मीच कापायचे."

मला हे माहीतच नव्हतं! मग हळूहळू सांगितलं. दिवसदिवस अडवून धरायच्या. मग ताप यायला लागला, जळजळ, डॉक्टर. डॉक्टर म्हणाले पाणी प्या. पाणी प्यायचं तर जायचं कुठे? जाणंच बंद केलं. अण्णांना कारण कधी सांगितलं नाही. अण्णा लोकांना सांगायचे, हिला दुकानात रस नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मीही रस नाहीच म्हणाले. ते सांगायला सोपं होतं."

पुन्हा भाजी निवडायला लागल्या. मला एकदम इतका राग आला, की कुणाचा तेही ठरवता येईना.

१८ फेब्रुवारी

दुसरी बैठक रविवारी, भर दुपारी. चहापाण्याचं अर्थातच आमच्याकडे. हॉलच्या मागे एक बाथरूम आहे, पुरुषांचंच, त्यातल्या फळीवर कपबशा ठेवतात. म्हणून किल्ली माझ्याकडे.

म्हणून किल्ली माझ्याकडे!

दिवसभर हे वाक्य डोक्यात वाजतंय. संध्याकाळी मावशींकडे गेले आणि विचारलं, कलिंगडं कशी आहेत? त्या म्हणाल्या, गोड आहेत, पाणीदार आहेत. मी म्हटलं, पाणीदारच हवीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्या जे हसायला लागल्या, ते गिऱ्हाईक आलं तरी थांबेनात.

२२ फेब्रुवारी

आधी सगळं लिहून काढते, मग स्वयंपाक.

ऊन मी म्हणत होतं. आल्या आल्या सगळ्यांना लिंबाचं सरबत. मग कलिंगड. मग चहा. मग पुन्हा सरबत, कारण हेडमास्तर उभे राहिले होते आणि लोकांचे घसे सुकलेले दिसले. औषधवाल्याची बायको तर आग्रह करण्यात मुरलेली. भांडीवाल्यानं कलिंगडाच्या चार फोडी खाल्ल्या आणि सूनबाई, व्यवस्था उत्तम हो, म्हणाला.

आधी औषधवाला उठला. मागे जाऊन आला. किल्ली कुठे आहे? मी म्हटलं, इथेच होती, शोधते हं. तो बाहेर तळाच्या भिंतीकडे गेला आणि तसाच परत आला. भिंतीशी बाजारातल्या सगळ्या बायका गप्पा मारत बसल्या होत्या, मावशी मधोमध. कारण विचारलं असतं तर सांगणार होत्या, की बाकडी यायची आहेत, जागा बघतोय. पण कुणी विचारलंच नाही. भांडीवाला गेला, आला. चिटणीस गेला, आला. हेडमास्तर बोलता बोलता एका पायावरून दुसऱ्या पायावर. इतिहास पहिल्यांदाच लवकर संपला.

कारंज्याचा विषय निघाला. पाण्याची धार किती उंच उडावी यावर भांडीवाल्याचं चित्र होतं. औषधवाला म्हणाला, पाण्याचं आता नको.

मला हसू आवरेना. पण मग अण्णांकडे लक्ष गेलं. कपाळावर घाम, हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट. वय झालंय त्यांचं. किल्ली कमरेलाच होती. बास झाली चेष्टा, द्यावी त्यांना, म्हणून मी उठलेसुद्धा. इतक्यात अण्णाच उठले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "अहो, ह्या बाजारात माणसानं जायचं तरी कुठे?"

नकाशावालीनं पेन उचललं. चेहरा अगदी सरकारी. "हे इतिवृत्तात घेऊ?"

दारातून मावशींचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "घ्या. आणि पुढं हेही घ्या, बायका रोज कुठे जातात ते एकदा तरी विचारा."

कुणी विचारलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी मधोमध उभी होते, किल्ली द्यायला निघालेली. आता बसायचं कसं?

"मुतारी हवी," मी म्हणाले. "बायकांची. आमच्या घरातलं एक माणूस त्यापायी दुकान सोडून घरी बसलं. आम्ही पाणी पीत नाही. बाकडी नकोत."

माझा आवाज मलाच परका वाटला. औषधवाल्याची बायको म्हणाली, माझंही लिहा. चिटणीसानं विचारलं, शब्द हाच ठेवू? नकाशावाली म्हणाली, स्वच्छतागृह लिहा, कळलंय सगळ्यांना.

मग मी कमरेची किल्ली हळूच सरकवली आणि ती सापडली. साखरेच्या डब्यात. रांग लागली.

२३ फेब्रुवारी

अण्णा आज जेवताना म्हणाले, "साखरेच्या डब्यात किल्ली कशी जाते?"

मी म्हटलं, मुंग्यांनी नेली असेल.

त्यांनी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, "हुशार दिसतात मुंग्या." आणि सासूबाईंकडे बघितलं. त्या ताटाकडे बघत होत्या. घरातलं एक माणूस कोण, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

९ मार्च

नकाशा लागला! मंजूर! कारंजं गेलं, बाकडी गेली. बायकांसाठी दोन, पुरुषांसाठी दोन.

जागा, आमच्या दुकानाच्या भिंतीला लागून.

औषधवाला पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून अभिनंदन करायला आला. हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत घेता येते म्हणे, लेखी. मी हसले. घरी येईपर्यंत हसतच होते. मग वास आठवला. गिऱ्हाईक नाक धरून कापड बघतंय असं चित्र डोळ्यांपुढे आलं. मनात आलं, दहा पावलं पलीकडे चाललं नसतं का? वहीत लिहितानाही लाज वाटतेय. पण आलं.

१४ मार्च

हे म्हणतात, आपला धंदा बसणार, हरकत घ्या. बाजारातले चारजण अण्णांकडे आले, अध्यक्षांनीच हरकत घ्यावी म्हणून. अण्णा म्हणाले, बघतो. त्यांचं 'बघतो' म्हणजे काय ते इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. मी ह्यांच्याशी भांडले, पण नेहमीसारखा जोर येईना.

२८ मार्च

नकाशावालीचा फोन. एकच हरकत आलीये, तुमच्या घरातून. कुणाची विचारलं तर म्हणाली, येऊन बघा.

अण्णा पेपर वाचत होते. हे कापड मोजत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नाही. ह्यांच्या कपातला चहा मुद्दाम गार दिला. अण्णांच्याही.

२९ मार्च

कचेरीत जाऊन आले. कागदावर लिहिलंय — दोनानं भागणार नाही, बायकांसाठी चार बांधा. दार आमच्या दुकानाच्या बाजूनं ठेवा, म्हणजे आमच्या दिव्यांचा उजेड राहील.

सही सासूबाईंची. अक्षर अण्णांचं.