काळी चारच्या थोडं खाली

आप्पा, मध्यंतरी तीन आठवडे मी एक वाद्य निवडत होते. ते घरात कुठे ठेवायचं हा प्रश्न नाही, कारण ते कॉम्प्युटरच्या आतच असतं. गाणं रेकॉर्ड करायचा एक प्रोग्रॅम असतो, त्याला बाहेरून हा दुसरा प्रोग्रॅम जोडायचा. त्याला प्लगइन म्हणतात. टेबलावर हातभर लांबीचा कीबोर्ड असतो, पण त्याला स्वतःचा आवाज नसतो, आवाज हे प्लगइन काढतं. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न विचारला असतात की लाकूड कुठलं वापरलंय, आणि लाकूडच नाही म्हटल्यावर उरलेलं ऐकून घेतलं नसतंत. दहावी झाल्यावर तुम्ही मला बॅटरीवरचा छोटा कीबोर्ड आणून दिलात, तेव्हाही तसंच झालं होतं. खानापूरहून बेळगावला जाऊन, दोन दुकानं हिंडून आणलात, आणि घरी आल्यावर स्वतःच त्याची एक पट्टी दाबून बराच वेळ तशीच धरून ठेवलीत. मग म्हणालात, "भाता न्हाय, मग ह्यो दम कुठनं आणतोय?" मी हसले होते. तुम्ही मात्र खरंच विचारात पडला होतात.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. पेटी वाजवणाऱ्या काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि मंडळ उघडं पडलं. शाळेच्या गॅदरिंगची गाणी मी घरीच तयार करून देते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून बायका माझ्याकडे आल्या. फोनवर लावता येईल असा सूर आणि मागं पेटीसारखं काहीतरी भरून दे, म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं, कारण त्या मंडळात आई जाते. जाते म्हणजे तेव्हा टाळ घेऊन कोपऱ्यात बसायची. आप्पा, आई गात नसे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तुमच्यानंतर वर्षभरातच तिचं गाणं थांबलं. जी बाई भाकरी थापताना, दळण निवडताना, तुमच्या डब्याला फडकं बांधतानासुद्धा गात होती, ती दहा वर्षं घरात मुकाट वावरली. दुःखानं आवाज गेला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मीच जास्त वेळा म्हणाले.

तर निवड. पहिलं प्लगइन फुकट होतं, आणि जो तो आधी तेच घ्या म्हणत होता. ते उघडल्यावर पडदाभर एवढी बटणं आणि रेघा दिसल्या की मी गणिताची बाई असूनही घाबरून बंद केलं. दुसऱ्यात चार हजार तयार आवाज होते, प्रत्येकाला नाव. दोन संध्याकाळी मी नुसती नावंच ऐकत बसले. हळदीकुंकवाला सगळा गाव लोटला की शेवटी आपण कुणाशीच धड बोलत नाही, तसं झालं. आई शेजारी बसून मटार सोलत होती. तिनं विचारलं, एवढं कशाला ऐकायचं, चांगला असेल तो पहिल्यांदाच कळंल की. मी तिला म्हटलं, आई, तसं नसतं. तसंच असतं खरं तर, पण तीन आठवडे घालवल्यावर ते कबूल कोण करणार.

तिसरं प्लगइन म्हणजे कुठल्याशा जुन्या यंत्राची नक्कल होती. त्याच्यावर मोजकीच बटणं. आठ दिवस वापरून बघायची मुभा, पण तेवढ्यात दर थोड्या वेळानं मध्येच खरखर व्हायची आणि आपण लावलेलं काही साठवता यायचं नाही. त्याची माहिती वाचताना मला हसू फुटलं. ती जुनी यंत्रं तापली की त्यांचे सूर थोडे इकडेतिकडे सरकायचे म्हणे, आणि तो आवाज लोकांना जिवंत वाटायचा. म्हणून आता कॉम्प्युटरमध्ये सगळं काटेकोर असताना, ते सरकणं मुद्दाम घालून विकतात. सूर किती हलवायचा त्याचंही बटण. कीबोर्डवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केलेले, त्यातला हवा तेवढा भाग वर किंवा खाली. मला ते बटण फिरवून बघावंसं वाटलं. काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, सूर लावून ठेवला आणि बटण सावकाश खाली आणायला लागले. दहा, वीस, तीस. आई स्वयंपाकघरात होती. चौतीसला मी हात काढला, कारण तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून होता, परीक्षेच्या वेळापत्रकाचं काहीतरी. मी बोलत होते आणि सूर मागं तसाच चालू होता. आणि आप्पा, आई गायला लागली.

पहिल्यांदा मला वाटलं, शेजारचा रेडिओ. मग शब्द ओळखीचे वाटले, तुमच्या मंडळात गुरुवारी शेवटी म्हणायचे तेच भजन. आवाज जाडा झालाय, मध्ये श्वास पुरत नाही, पण सूर असा लागला होता की मी फोनवर काय बोलत होते तेच विसरले. समोरच्या बाई हॅलो हॅलो करत राहिल्या. मी फोन ठेवून दाराआड उभी राहिले आणि रडले. मग त्या प्लगइननं ठरल्याप्रमाणे खरखर केली, आई थांबली, आणि कुकरची शिट्टी झाली.

मी शिक्षिका आहे, माझी खोड जात नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला न सांगता सूर सरळ काळी चारवर लावला, बटण शून्यावर. तिनं सुरुवात केली, दोन ओळींत अडखळली, घसा खाकरला आणि म्हणाली, आज न्हाय जमत. मी पुन्हा चौतीस खाली घेतला. थोड्या वेळानं ती आपोआप गायला लागली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. म्हाताऱ्या आईवर असले प्रयोग केले म्हणून मला लाज वाटते, पण खात्री करून घ्यायची होती. कारण तोपर्यंत मला खानापूरचं घर आठवायला लागलं होतं.

तुम्ही लाकडाच्या वखारीतून संध्याकाळी येता. अंगाला सागवानी भुशाचा वास. हातपाय धुऊन चहा घेता आणि पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसता. गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला यायच्या, गुंजीची यायची, नंदगडची यायची, पण ही आपल्या घरची. आतल्या, सूर देणाऱ्या पितळेच्या पट्ट्या बाहेर काढून तुम्ही बारीक कानशीनं एकेक खरवडता, टोकाला नाही, मुळाशी. मुळाशी खरवडलं की सूर उतरतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. आई चुलीपुढं भाकरी थापत असते. तुम्ही म्हणता, म्हण गं जरा. ती म्हणते. तुम्ही डोळे मिटून ऐकता, पट्टी बसवता, भाता मारता, परत काढता. असं कितीतरी दिवस चाललं होतं. मला वाटायचं, आप्पांना आईचं गाणं आवडतं म्हणून काम करता करता गायला लावतात.

एकदा मी शाळेतून सूर लावायची शिट्टी आणली होती, गाण्याच्या बाईंची, आणि तुमच्या पेटीशी लावून बघितली. जुळेना. बारा वर्षांची असेन. मी तुम्हाला सगळ्यांसमोर सांगितलं की तुमची पेटी चुकलीय. तेव्हा तुम्ही रागावलात, आणि तुमचं रागावणं म्हणजे आवाज न चढवता. "ती शिट्टी कुणाच्या गळ्याची हाय? गळा हितं बसलाय चुलीपुढं. आधी त्यो ऐकायला शीक, मग माझी पेटी तपास." मला त्यातलं फक्त रागावणंच कळलं. मी रुसले, आणि त्या रात्री जेवले नाही असं आई अजून सांगते.

तुम्ही गेलात त्यानंतरची गोष्ट. आई माझ्याकडे बेळगावला आली, बरोबर पेटी आली. शाळेच्या गॅदरिंगला मी ती घेऊन गेले. कीबोर्ड वाजवणारा एक तरुण होता, त्यानं दोन सूर ऐकले आणि हसून म्हणाला की बाई, ही पेटी सगळी उतरलीय, माझ्याबरोबर नको. चार शिक्षकांपुढं म्हणाला. मला इतकं लागलं की त्याच आठवड्यात मी निपाणीकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावून घेतलं. त्यांनी पेटी उघडली, सगळ्या पट्ट्या पुन्हापुन्हा ऐकल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, ही आपसूक उतरलेली न्हाय. कुणीतरी मुद्दाम, सगळी सारखी खाली घेतलीय. लई मन लावून केलंय. हितं हात घालू का नको?" त्यांनी विचारलं होतं, आप्पा. मला थांबायची संधी दिली होती.

मी काय म्हणाले ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, आमच्या आप्पांना शेवटी शेवटी नीट ऐकू येत नव्हतं, तुम्ही सरळ करा. तुम्हाला शेवटपर्यंत उत्तम ऐकू येत होतं. वखारीतल्या करवतीचा आवाज बदलला तरी दात कुठला बोथट झालाय ते तुम्ही सांगायचात. एका पोरानं हसून दाखवलं म्हणून मी तुमचे कान परक्या माणसापुढं खराब ठरवले. दोन दिवस बसून त्या कारागिरांनी सगळ्या पट्ट्या टोकाशी खरवडल्या आणि पेटी काटेकोर करून दिली.

आई त्या पेटीवर गायला बसली आणि सूर बसेना. काळी चारवर घेतलं की ती खाली घसरायची. मग मी तिच्या लगेच खालच्या पांढरी पाचवर घेतलं, तर ती वर चढायची. मी तिला चार-पाच वेळा थांबवलं, आई, सूर सोडतेस, नीट ऐक. शेवटी तिनं विचारलं, माझा आवाज गेला का गं? मी म्हणाले, वय झालं आई, होतं असं. आप्पा, मी तीस वर्षं मुलांना संख्यारेषा शिकवतेय. एका बिंदूच्या खाली आणि दुसऱ्याच्या वर असलेली गोष्ट मधे असते, हे पाचवीतलं पोर सांगतं. मला माझ्या आईच्या बाबतीत ते दहा वर्षं सुचलं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी शिकलेली.

ते तिसरं प्लगइन मी घेतलं. खरं तर सूर थोडा वरखाली करायची सोय पहिल्या दोन्हींतही होती, नंतर शोधल्यावर सापडली, पण आता मला दुसरं काही बघायची इच्छा उरली नव्हती. त्यावर मंडळासाठी सूर आणि पेटी भरून दिली, सगळी चौतीस भाग खाली. बाकीच्या बायकांना काही फरक पडत नाही, त्या आईच्या मागून म्हणतात. होय, आई पुढं बसते आता. पहिल्या गुरुवारी ती गायली तेव्हा टाळ वाजवायचं दोघीतिघी विसरल्या. घरची पेटीही परत उतरवून घ्यायची म्हणून मी चौकशी केली, पण पट्ट्या दोन्हीकडून खरवडून पातळ झाल्यात, आता हात लावला तर तुटतील म्हणतात. ते निपाणीकडचे कारागीरही राहिले नाहीत. तुमचं काम परत करता येण्यासारखं मी ठेवलेलं नाही, ही गोष्ट मला फार लागलीय.

भजन झाल्यावर आईनं देवाला नारळ फोडला आणि सगळ्या बायकांना खोबरं वाटलं. घरी येताना रस्त्यात माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या आप्पांनी आवाज परत दिला गं मला." तिच्या दृष्टीनं तो गेला होता आणि तुमच्या कृपेनं परत आला. मी म्हणाले, व्हय. आणि पुढं चालत राहिले.

तिला सांगायचं म्हणून मी आतापर्यंत तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेय. तुझा आवाज कधी गेलाच नव्हता, मी पेटी बदलली आणि दोष तुझ्या गळ्याला दिला, एवढं एकच वाक्य आहे. दर वेळी ती गात असते आणि मी मनाशी म्हणते, एवढं भजन संपू दे, मधे कशाला तोडायचं. हे पत्र तुम्हाला लिहून झालं, पण ते तुमच्यासाठी नाहीच, आणि जिच्यासाठी आहे तिच्याकडे ते जात नाही. भजन संपतं, आप्पा. ती दूध बघायला थांबते, भांडी लावायला थांबते, कधी नुसतीच माझ्याकडं बघून हसते. तेव्हाही मी सांगत नाही.