नेवेनाचे पाप माझ्या नावावर लिहू नये

मी, वेलिका मिन्चेवा, वय पंचाहत्तर, राहणार रुसे, डॅन्यूबच्या धक्क्यासमोरचे दुमजली घर, शिवणकामाच्या सहकारी संस्थेत जन्मभर कटिंग करून निवृत्त झालेली, हे माझ्या खुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांविषयी काही विचारत नाही असे नोटरीबाई म्हणाल्या. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वळवलेले नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझ्या बहिणीचे नाव नव्हते. ते रद्द समजावे.

एक. वर सांगितलेले घर, त्याखालची जमीन, मागची क्विन्सची फळझाडे आणि तळघरातल्या भरलेल्या बरण्या, हे सर्व माझी धाकटी बहीण गिन्का हिला पूर्ण मालकी हक्काने द्यावे. वरची नदीकडची खोली तिने हवी तर भाड्याने द्यावी. फक्त लेखकाला देऊ नये.

दोन. शिवणयंत्र, तिन्ही कात्र्या आणि कापणीचे टेबल नाट्यगृहाच्या कपडेपटाला द्यावे. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. कोणी कापलाच, तर मी वरून बघत असेन.

तीन. बँकेतल्या शिलकीतून आधी गिन्काच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन करावे. ती "बघू पुढच्या वर्षी" म्हणेल. ऐकू नये.

चार. हे कलम लांब आहे. "इतकं सगळं लिहायलाच हवं का?" असे नोटरीबाईंनी विचारले. हवे, कारण अर्ध्या गावाला माझ्याविषयी जे ठाऊक आहे ते एका कादंबरीतून आलेले आहे.

गिन्काचे लग्न ल्युबेनशी ठरले होते. तो आमच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहायचा आणि बंदराच्या कचेरीत नदीच्या पाण्याची पातळी मोजायचा. अडुसष्टच्या शरद ऋतूत गुप्त पोलिसांनी त्याला घरातून उचलून नेले. परदेशी बोटींवरच्या माणसांना तो माहिती देतो, असे कोणीतरी सांगितले होते. ल्युबेन आईलासुद्धा गोष्ट धड सांगू शकत नसे, तो परक्यांना काय सांगणार! काही वर्षांनी तो सुटला, पण गिन्काकडे आला नाही. वार्नाला गेला आणि तिथेच वारला. त्याचे नाव कोणी सांगितले ते आम्हाला कधीच कळले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी आस्पारुख देनेव हा लेखक त्याच खोलीत राहायला आला. जेवता जेवता मी त्याला ही हकिकत सांगितली. जेवढी मला ठाऊक होती तेवढीच. नाव सांगणाऱ्याची जागा रिकामी होती. ती त्याने मला बसवून भरली.

चौऱ्याण्णव साली त्याची 'धक्क्यासमोरची खोली' छापून आली. त्यात पावेल नावाचा भाडेकरू आहे, तो खराच हेर आहे. घरमालकीण नेवेना त्याच्यावर जीव टाकते आणि शेवटी भीतीपोटी त्याचे नाव सांगून मोकळी होते. नेवेनाची शेगडी हिरव्या टाइल्सची, माझ्यासारखी. ती कलिंगडाला मीठ लावते, माझ्यासारखी. बाजारात बायका मला पाहून बोलायच्या थांबल्या. गिन्काने ते पुस्तक उघडलेही नाही. शेजारणीने शेवट सांगितला तेवढा तिला पुरला. "मला बहीण नाही," असा निरोप तिने पाठवला. त्यानंतर आम्ही एकाच बेकरीतून पाव आणत होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो.

एक सांगते. ज्यांनी पुस्तक नुसते ऐकले होते ते मला टाळायचे. ज्यांनी अखेरपर्यंत वाचले ते माझ्या दारात रडत यायचे. प्लेव्हेनहून एक बाई आली, माझे हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं हो." लोमचा एक खलाशी येऊन भांडला, "मावशी, त्याला एक इशारा तरी द्यायचास! मागच्या दाराने पळाला असता बिचारा!" मी म्हटले, "अरे बाबा, या घराला मागचं दारच नाही." तो घरामागे जाऊन खात्री करून आला, आणि मग माझ्याच ओट्यावर बसून रडला. माणसे भली होती. त्यांच्यावर रागवावे तरी कसे?

मग, बऱ्याच वर्षांनी, वाचनालयाच्या मार्गितांनी या कादंबरीवर वाचकांची बैठक ठेवली. देनेवही आला होता. हॉल भरला होता. एकेक जण उठून नेवेनाची बाजू मांडत होता. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "पावेलपेक्षा मला तिचंच जास्त वाईट वाटलं. तो तुरुंगातून सुटतो तरी. ती कुठे सुटते?" सगळे मागे वळून माझ्याकडे मायेने बघू लागले. मार्गिता म्हणाल्या, "वेलिकाताई, तुम्हाला काही बोलायचंय?"

मी उठले. म्हटले, "तुम्ही सगळी फार चांगली माणसं आहात. पण मला माफ करू नका. मी ते केलंच नाही."

पुढच्या रांगेतली एक आजी हळूच म्हणाली, "असू दे गं बाई. आम्ही समजू शकतो."

मी देनेवला म्हटले, "तू तरी सांग!" तो बुटांकडे बघत म्हणाला, "कादंबरीतलं सत्य वेगळं असतं." मी कोट घालून घरी आले. रस्ताभर मला वाटत होते, शिव्या परवडल्या.

त्या हॉलमध्ये फक्त मार्गितांनी माझे बोलणे खरे मानले. त्या ते पुस्तक घेऊन गिन्काकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बहिणीशी बोलू नका हवं तर. पण जिच्यावर इतकी वर्षं रागावलात, ती बाई एकदा वाचून तरी बघा."

पुढच्या रविवारी गिन्का माझ्या दारात उभी होती. पुस्तक काखेत. केस पांढरे झालेले मी लांबून पाहिले होते, पण इतके पातळ झाले असतील असे वाटले नव्हते.

"सगळं वाचलं," ती म्हणाली.

"मग?"

"रडले. त्या नेवेनासाठी."

"सगळेच रडतात."

"पण ताई, ही तू नाहीस गं!" ती तिथेच पायरीवर बसली. "ही बाई कडी वाजली की दचकते. पानोपानी घाबरते. त्या लोकांनी नुसतं विचारलं, हिनं नाव सांगितलं. आपल्या घरी ते आले तेव्हा तू काय केलंस, आठवतं?"

मला आठवत नव्हते.

"दारात आडवी उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'बूट काढा, आत्ताच फरशी पुसलीय.' आणि काढले की त्यांनी! ल्युबेनला मोज्यांवर येऊन धरलं. मी जिन्यावरून बघत होते." मग तिने पुस्तक पायरीवर ठेवले. "तुझ्यावर रागवायचं तर मला ते विसरावं लागलं."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग ती म्हणाली, "आता सोफियाला गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली बघायला देतात म्हणे. जायचं का?"

"तुला जायचंय?"

"गेल्या आठवड्यात विचारलं असतंस तर गेले असते." तिने नाक पुसले. "भूक लागलीय. काय केलंयस?"

ती फायल आम्ही मागवली नाही. माझ्यामागे गिन्काला ती बघावीशी वाटली तर तिचा तो हक्क आहे, आणि बघितली म्हणून तिचा माझ्यावर विश्वास नव्हता असे कोणी म्हणू नये.

पाच. आस्पारुख देनेव याने माझ्या अंत्ययात्रेत चालावे, पण बोलू नये. मागच्या हिवाळ्यात तो काठी टेकत आला होता. म्हणाला, "वेलिका, ती बाई मी तुझ्यासारखी करायला नको होती." मी विचारले, "दुसरी कशी केली असतीस?" तो म्हणाला, "तितकी चांगली झाली नसती." तो पहिल्यांदा खरे बोलला, म्हणून चालण्याची परवानगी. अंत्यविधीनंतर वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचा वाटा त्यालाही द्यावा.

सहा. थडग्यावर माझे स्वतःचे नाव घालावे. कादंबरीचा उल्लेख नको. तरी वाचक येतील. त्यांना हाकलू नये. नेवेनासाठी रडायचे असेल तर रडू द्यावे, रडण्याजोगीच बाई आहे ती. आता मीही तिच्यावर रागावलेली नाही. पण ती वेगळी आणि मी वेगळी, एवढे गिन्काने त्यांना सांगावे. तिचे ऐकतील. ती सांगते तेव्हा समोरच्याला दुसरे काही बोलता येत नाही.

वरील सर्व मजकूर नोटरीबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. वारसाने आत बसायचे नाही असा नियम आहे म्हणून गिन्का बाहेर बाकावर बसली आहे. माझी सही झाली की तिला आत बोलवावे. ती पुरेशी बाहेर राहिली आहे.

लिहून ठेवणार : वेलिका मिन्चेवा (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. मार्गिता स्तानेवा, ग्रंथपाल (सही)
२. तिहोमिर गाचेव, शेजारी. कादंबरी वाचलेली नाही (सही)

स्थळ : रुसे
दिनांक : ११ ऑक्टोबर २०१६