चारमिनारच्या पायथ्याशी डाग

११ फेब्रु. १९७३, रविवार. ढोकी
पाटीवर रुपया पडल्याचा आवाज. खण्ण, आणि मग गिरकी घेत बारीक होत जाणारा. आज अंगणात ऊन खाताना पुन्हा कानात आला. अठ्ठावन्न वर्षं झाली. मी चौथीत. कवितापाठाचं बक्षीस म्हणून पंतोजींनी आमच्या ओट्यावर येऊन माझ्याच पाटीवर टाकला होता. निजामाचा, चारमिनारचा. तेव्हापासून देव्हाऱ्यात आहे.

समोर बिऱ्हाडाला आलेले हिरेमठ जुनी नाणी जमवतात. साखर कारखान्यात केमिस्ट. यंदा ऊसच वाळून गेला, कारखाना लवकर बंद, माणूस मोकळा. म्हणाले, आणा गुरुजी, बघू तुमचं बक्षीस.

१२ फेब्रु.
भिंग लावून पाऊण तास. आधी प्रकार ठरवायचा, मग प्रत.

प्रकार माझ्यामुळं ठरला. चारमिनारच्या कमानीत राजाच्या नावाचं पहिलं अक्षर असतं, ऐन. हिरेमठांना उर्दू येत नाही, आपण उर्दूत छड्या खाल्लेले. म्हटलं, हा ऐन अर्धाच आहे, खालचं पोट नाही. हि. खुर्चीतून उठले. अर्धा ऐन अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर, पुढं पुरा केला. लई कमी सापडतो म्हणे. छाती फुगली. खोटं कशाला लिहू.

प्रतीत मात्र मार खाल्ला. झीज नाही, मिनारांची टोकं धारदार, पण अंगभर ओरखडे. विचारलं, धुता कशानं? म्हटलं, दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राख. हि. नी कपाळाला हात लावला. चांदीवर काळी साय धरते, ती नाण्याची अब्रू, ती तुम्ही दरसाल सोलून काढलीत. "पोरगं हुशार हो गुरुजी, पण तुम्ही त्याला लई घासलंय."
जन्मभर पोरांचे गुण कापले. आज माझे. 'उत्तम'वरून 'बरं'. कड उद्या बघणार.

१३ फेब्रु.


कडेला डाखाचा, झाळकामाचा डाग. कधीकाळी इथं कडी जोडलेली होती, नंतर कानस मारून काढली, असं हि. म्हणाले. म्हणजे दागिन्यातला रुपया. मी म्हटलं, शक्य नाही. तो डाग मला टाकसाळीची चूक वाटायचा. ते भिंगातून नजर न काढता म्हणाले, आणि गंमत बघा, कडी नेहमी वर असते, म्हणजे चारमिनार सरळ लोंबतो. हिथं कडी पायथ्याला. "सोनार पिऊन बसला असंल."
हसलो नाही. घरी कसा आलो ते आठवत नाही.

आईच्या माळेतले सगळे चारमिनार उलटे होते. बायका हसायच्या. आईनं सोनाराला मुद्दाम तसं सांगितलेलं. म्हणायची, "माळ मला बघायची हाय, लोकास्नी न्हाय. मान खाली घातली की मला सरळ दिसतं."

१४ फेब्रु.
ट्रंक उघडली. माळेत वीस रुपये. विसांच्याही कड्या पायथ्याला. डाग डागाशी लावून पाहिला. तोच.

आई शेवटपर्यंत 'माझी एकवीस रुपयांची माळ' म्हणत राहिली. तिच्या तेराव्याला मी भावकीसमोर मोजले, वीस भरले. ट्रंकेची किल्ली आक्काकडं, थोरल्या बहिणीकडं होती. आईचं दुखणं सगळं आक्कानंच काढलं होतं. मी एवढंच विचारलं, एक कुठं गेला? आक्कानं माळ उंबऱ्यावर ठेवली आणि येरमाळ्याला सासरी निघून गेली. बावीस वर्षं झाली. राखी नाही, भाऊबीज नाही.

एकविसावा माझ्याच देव्हाऱ्यात. चिंच लावून.

१५ फेब्रु.
टँकर आला नाही. 

मी पहिला आलो होतो का? आज नीट आठवून पाहिलं. तिसऱ्या कडव्याला अडलो होतो. पोरं हसली. रडत घरी. बक्षीस दुसऱ्या दिवशी, आणि शाळेत नव्हे, ओट्यावर. आई दारात, पदर गळ्याभोवती घट्ट ओढून. मला वाटलं, थंडी वाजते.
पंतोजी, आईचा रुपया तुम्ही एवढ्या सरळ तोंडानं कसा हो...

१६ फेब्रु.
हिला सांगितलं. गहू निवडत होती, सूप खाली ठेवलं. मी म्हटलं, मला काय माहीत होतं? म्हणाली, "माहीत नव्हतं तर गप बसायचं हुतं. चार मानसांत इच्यारलंत तुमी. आता चार मानसांतच सांगा."
मग पुन्हा निवडायला लागली. खडे जरा जोरात फेकत होती.

१८ फेब्रु., रविवार
आक्काला पत्र. पहिलं आर्येत झालं. हिनं वाचून चुलीत घातलं, म्हणाली माफी काय चालीवर मागत्यात? दुसरं गद्यात, चार पानं, त्यात सगळं माझंच बालपण. फाडलं. तिसऱ्यात एकच ओळ. 'आक्का, रुपया माझ्याकडं होता.' पुढं काय लिहावं कळेना. पत्र वहीतच आहे.

हि. येऊन गेले. सोलापूरच्या एकाला हे नाणं पाहिजे म्हणे. म्हटलं, त्याचा मालक मी नाही. 

२० फेब्रु.
ठरवलं, पत्र नको. उद्या सकाळच्या एस.टी.नं स्वतः जायचं, माळ घेऊन. रुपया कडी लावून माळेत घालावा की तसाच हातात द्यावा? कडीही पायथ्यालाच...

एवढं लिहीत होतो, दाराची कडी वाजली. ही पुढं गेली आणि दारातच थांबली. मागून पाहिलं तर दाजी, आक्काचे मालक. बावीस वर्षांत या उंबऱ्याला त्यांचा पाय नाही. एकटेच. फेटा काखेत, मयत सांगायला येतात तसा. मी पत्र टाकलेलं नाही, हिच्याशिवाय कुणाला बोललेलो नाही. आक्का कशीय, विचारायला तोंड उघडलं. तेच म्हणाले, "आधी पानी द्या. मग सांगतो."
पाणी पिऊन ओट्यावर टेकलेत.  ही खुणेनं बोलावतेय. उठायला हवं.