काट्याचा नारळ कोणी फोडायचा

मी, तोताराम उखर्डू महाजन, वय सत्त्याहत्तर, राहणार धरणगाव, जि. जळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. खालील सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नी लताबाई हिची. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये, आणि तिला वरच्या मजल्यावर ढकलू नये.

२. कापसाच्या जिनिंग कारखान्याची मालकी व नफा मुलगे दीपक व कुंदन आणि ऑफिस सांभाळणारी मुलगी रत्ना, या तिघांत सारखा.

३. हुकूम मात्र एकट्या रत्नाचा चालेल. कारण लिहितो, म्हणजे वकिलांना विचारत बसायला नको. कागदोपत्री मालकी माझ्याच नावावर ठेवून मी दोघा मुलांना एकाच दिवशी मालक म्हणून बसवले. त्याच हंगामात वजनकाट्याच्या पूजेचा नारळ कोणी फोडायचा यावरून दोघे भिडले, ते आजतागायत एकमेकांशी बोलत नाहीत. फोरमन पुना मला म्हणाला, "नाना, मालक दोन शेतस. आम्ही कोनं आयकानं?" निरोप न्यायचे काम रत्नाच्या गळ्यात पडले.

गेल्या दिवाळीआधी दीपकने फोन करून कापसाच्या गाड्या बोलावल्या. कापूस ओला म्हणून कुंदनने फाटक लावले. रांग रस्त्यापर्यंत गेली, शेतकरी शिव्या देऊ लागले. दीपक रत्नाला म्हणाला, "त्याले सांग, मालक मी शे." रत्ना फाटकाशी गेली आणि कुंदनला म्हणाली, तू पाहिल्याशिवाय कापूस काट्यावर चढवायचा नाही असे भाऊ म्हणतात. कुंदनने भावाचे डोके ठिकाणावर आहे का, असे तिला विचारायला सांगितले. तिने दीपकला सांगितले, भाऊने बोलावलेला शेतकरी परत जायला नको असे कुंदन म्हणतो. कोरडा कापूस मोजला गेला, ओला आवारात पसरला. दोघांनाही वाटले, आपलेच ऐकले.

मी काट्याजवळ बसून सगळे ऐकत होतो. घरी विचारले तर म्हणाली, "नाना, मी खोटं नही बोलस. भाऊनी जे सांगाले पायजे व्हतं, ते सांगस." मग रडली. आता थकले, पुढचा हंगाम संपला की धुळ्याला लेकीकडे निघून जाते, म्हणाली. मला त्याचीच धास्ती आहे. ती गेली तर जिनिंगला वर्षभरात कुलूप लागेल.

४. दोघांनी एकमेकांवर कडी करायला घेतलेल्या फिरत्या खुर्च्या विकाव्यात. काट्याजवळची माझी पत्र्याची खुर्ची रत्नाची. काट्याचा नारळ यापुढे तिने फोडावा. खोबरे दोघा भावांनी एका ताटातून वाटावे.

५. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे व्याही अमृत यांनी मला तेव्हाच सांगितले होते. त्यांचे बरोबर होते. आमची लोखंडी शिडी मात्र त्यांनी अजून दिलेली नाही, ती आणावी.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील प्रेमराज यांनी करावी. दीपक व कुंदन यांना समोरासमोर बसवून हे वाचावे. नंतर ज्याला जे म्हणायचे असेल ते त्याने भावाला स्वतःच्या तोंडाने सांगावे. रत्ना निरोप नेणार नाही.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

सही: तोताराम उखर्डू महाजन
साक्षीदार: १. पुना सुपडू पाटील, फोरमन २. सुलक्षणा भागवत चौधरी, शेजारी
ठिकाण: धरणगाव
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५