गायरानाचे मानकरी

सिडमथ,
१० एप्रिल २०१२

ती. एडगरदादास,
सा. न. वि. वि. खरं तर राजद्रोह्याला साष्टांग घालू नये, पण तू पाच वर्षांनी मोठा आहेस आणि आईनं लावलेली सवय सुटत नाही.

आमच्या गल्लीत राणीच्या राज्याच्या साठ वर्षांच्या सोहळ्याची जोरात तयारी चालली आहे. पताका मी शिवते आहे, काकडीची सँडविचं माझ्याकडे आणि समितीचं अध्यक्षपदही माझ्याच गळ्यात. परवाच्या बैठकीत दोन घरं पलीकडची गुलाबी केसांची मुलगी म्हणाली की बाप गादीवर होता म्हणून मुलगी गादीवर, हा कुठला न्याय. मी तिला सांगितलं की अगदी असाच बोलणारा माझा एक भाऊ यॉर्कशरमध्ये आहे, फक्त रंगवायला त्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत. ती खूप हसली आणि पुडिंगची जबाबदारी घेऊन गेली. हल्ली सगळे असंच बोलतात बघ. गादी नको म्हणतात, पण म्हातारीला कशाला दुखवायचं, तिच्यानंतर बघू, असंही म्हणतात. आमचा पोस्टमन म्हणतो, औषधवालाही म्हणतो.

कानाचं यंत्र अजून खणातच असेल, म्हणून फोन न करता लिहिते आहे. तीन मेच्या, मानकऱ्यांच्या सभेची मला काळजी लागली आहे. तुला काही व्हायला नको, पण ऐंशी म्हणजे ऐंशी. गायरानावर गुरं चारायचा मान बापाकडून मुलाकडे जातो आणि तुला मुलगा नाही. तू डोळे मिटलेस की तुझ्या मारियनची, तुझ्याच नावावर चरणारी गुरं दुसऱ्या दिवशी गायरानाबाहेर. नवरा गेल्यापासून पोरीचं घर त्या गुरांवर चाललंय आणि तिच्याकडे वीतभर स्वतःची जमीन नाही. मुलींनाही मान द्यायचा ठराव यंदा तरी होऊ दे. तू तिथं आहेस म्हणून मला धीर आहे.

माझ्या राणीवर नाही तर नाही, माझ्यावर लोभ असू दे.
तुझी,
विनी


आल्डरवीक,
१९ एप्रिल २०१२

चि. विनीस,
अ. उ. आ.

तुझ्या काकडीशी माझं वैर नाही. बाई वाईट आहे असंही मी कधी म्हटलेलं नाही. या वयात माणसानं पाय वर करून पडावं, तर ही अजून फिती कापत हिंडते, आणि तिचा मुलगा साठी उलटली तरी उमेदवारच. आपल्या चर्चमधला पेटीवाला वारला तेव्हा त्याच्या पोराला पेटीवर बसवलं होतं, आठवतंय ना? तुझी वहिनी दर रविवारी कानात कापूस घालून यायची. तिथं लोकांनी महिन्याभरात पोराला उठवलं, कारण पेटी वाजते ती ऐकू येते. गादी वाजत नाही, म्हणून चालतं.

तुझ्या राणीच्या सोहळ्याला आमच्या गायरानावर होळी पेटवायची म्हणे. मी म्हटलं पेटवा, लाकडं आपापल्या घरची आणा.

सभेची काळजी करू नकोस. मतं काठावर आहेत, पण ठराव होईल. मारियन आणि तिची ती ब्रेंडा दारोदार फिरून एकेका मानकऱ्याला गाठताहेत. ब्रेंडा म्हणजे रेल्वे फाटकावरच्या जोची मुलगी. तिला स्वतःला यातून कवडी मिळायची नाही, पण मैत्रिणीसाठी चपला झिजवते आहे. मारियन ठीक आहे. परवा एक वासरू आडवं आलं होतं, खांद्यापर्यंत हात घालून ओढून काढलं आणि मग दोन ताटं जेवली. गुरं कुठल्या अंगाला सोडायची, कुठलं विकायचं, रोज संध्याकाळी मला विचारायला येते. मुलगी असावी तर अशी.

आपल्याकडे मत कसं देतात ते तू विसरली नसशील. हो म्हणायचं त्यानं टोपी काढायची, नाही म्हणायचं त्यानं डोक्यावर ठेवायची. माझी टोपी आजवर राष्ट्रगीताला निघाली नाही, तुझ्या लग्नातही निघाली नाही (तू अजून ऐकवतेस). मारियनसाठी निघेल.

म्हाताऱ्यावर लोभ आहे तो पुरे, वाढवलास तरी तक्रार नाही.
तुझा,
एडगर


आल्डरवीक,
५ मे २०१२

ती. विनीआत्यास,
सा. न. वि. वि.

ठराव पडला. एका मतानं पडला आणि ते मत बाबांचं होतं.

मी वाक्य लिहून परत वाचलं, तरी मलाच खरं वाटत नाही. आम्हा बायकांना सभेत जागा नव्हती, म्हणून मी नि ब्रेंडा खिडकीबाहेर उभ्या होतो. अध्यक्ष स्टॅदर्सकाकांनी ठराव वाचला. भराभर टोप्या निघाल्या. ज्यांच्याकडून मला आशा नव्हती त्यांच्याही निघाल्या. बाबांची निघाली नाही. ब्रेंडा म्हणाली की त्यांना ऐकू गेलं नसणार. स्टॅदर्सकाकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते उठून बाबांजवळ गेले आणि कानाशी ओरडले की एडगर, हे मारियनसाठी आहे. ते आम्हाला काचेबाहेर ऐकू आलं. स्वतःच्या टकलावर थापट्या मारून दाखवल्या. बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

घरी येऊन ते जेवले. गुरांच्या पाण्याचं कुंड गळतंय का, असं विचारलं. मी म्हटलं, गळतंय. दोन दिवसांत आमचं एवढंच बोलणं झालंय.

आत्या, मी सुन्न झालेय. ज्यांच्या मांडीवर बसून मी शिकले की माणूस जन्मानं मोठा नसतो, कामानं असतो, त्यांनीच असं करावं? माझ्या हातून काही चुकलं का, ते तू त्यांना विचार. मला विचारवत नाही.

तुझा लोभ आहेच, तो आत्ता फार हवा आहे.
तुझी,
मारियन


सिडमथ,
८ मे २०१२

दादा,
नमस्कार आज नाही.

मारियनचं पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. हातातला कप ओट्यावर ठेवायला गेले तो खाली फरशीवर ठेवला. तू पोटच्या पोरीच्या पोटावर पाय दिलास. गावातल्या कुणी दिला असता तर तूच काठी घेऊन त्याच्या दारात उभा राहिला असतास.

तुला भ्रम झालाय का? तसं असेल तर कळव, मला खरंच बरं वाटेल. डॉक्टर बघता येईल. नसेल, तर हे काय केलंस ते लिही, आणि आडवळणानं लिहू नकोस.

विनी


आल्डरवीक,
१४ मे २०१२

चि. विनीस,
अ. आ.

भ्रम झालेला नाही. स्टॅदर्सचं ओरडणं मला काय, अर्ध्या यॉर्कशरला ऐकू गेलं.

मी जन्मभर एकच सांगत आलो. जन्मानं मिळतं ते सगळं खोटं. मुलींना मान दिला म्हणजे वतन मोडत नाही, उलट दुप्पट होतं. तिकडे राणीला नावं ठेवायची आणि इकडे माझ्या घरात पिढीजात मान पुढे चालवायचा, हे मला जमणार नाही. माझ्याबरोबर संपू दे. मारियन समजूतदार आहे, तिला कळेल. तुला कळेल अशी अपेक्षा नाही, तू पताका शिव.

लोभ कमी झालेला दिसतो. असो.
एडगर


सिडमथ,
१८ मे २०१२

ती. दादास,
सा. न., कारण आई वरून बघते आहे.

माझ्याबरोबर संपू दे, हे छान आहे. म्हणजे तू मरेपर्यंत खाणार आणि उपास पोरीनं करायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आपले बाबा तुला मान मिळवून द्यायला घेऊन गेले तेव्हा तू नवा कोट शिवून घेतला होतास, मी त्याची बटणं लावली होती. तेव्हा तुझं तत्त्व कुठल्या कपाटात होतं? मीही त्यांचीच मुलगी. मला त्यांचं भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तेही बंद. मी कधी एक शब्द बोलले नाही.

माझी राणी निदान घरात आणि बाहेर राणीच आहे. तू चारचौघांत बंडखोर आणि गायरानावर राजा. खरंच जन्माचा मान नको असेल तर उद्या सकाळी स्टॅदर्सकडे जा आणि तुझा सोडून ये. मग मी तुझ्या तत्त्वाच्या पाया पडेन. नाहीतर ते तत्त्व नाही, दुसरंच काही आहे, आणि ते काय आहे ते तुला ठाऊक आहे.

रागावले आहे, पण लोभ तोडता येत नाही, हा आपल्या घराण्याचा दोष.
विनी


आल्डरवीक,
७ जून २०१२

चि. विनीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रावर आधी चडफडलो. मग तुला दाखवायचंच म्हणून काल स्टॅदर्सकडे गेलो. म्हटलं माझा मान काढून घ्या. त्यानं चहा टाकला. तो म्हणाला की सोडायचा तर सोड, पण तुझा काहीतरी घोटाळा झालाय. ठराव झाला असता तर मारियनला तुझा मान तुझ्यामागे मिळणार नव्हता, तिला तिचा वेगळा मिळणार होता, लगेच, तुझ्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, ते मला माहीत होतं.

विने, हे तोंडातून गेलं आणि मी तिथंच थबकलो. माहीतच होतं मला. तिचा तिला मान मिळाला की ती संध्याकाळी विचारायला कशाला येईल? कुठल्या अंगाला सोडू, कुठलं विकू, हे तीच ठरवणार. मग मी कोण? कोपऱ्यातला बहिरा. सभेत स्टॅदर्स कानाशी ओरडला तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं. तत्त्वबित्त्व नंतर सुचलं, घरी येऊन जेवताना.

सोमवारी गायरानावर ती होळी पेटली होती. पाऊस पडून गेलेला, लाकडं धुमसत होती, आणि लोक न दिसणाऱ्या एका म्हातारीसाठी गात होते. मी टोपी घालून उभा, मनात हसत होतो की बघा, हिला खुर्ची सोडवत नाही. ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. एवढी वर्षं मी ज्याला नावं ठेवली तो माझ्याच घरात माझ्या चपला घालून फिरत होता आणि मला पत्ता नव्हता.

स्टॅदर्सला सांगितलंय, या महिन्यात पुन्हा सभा बोलाव. मारियनलाही सगळं सांगितलं. ती गुरं बघायला निघून गेली.

तू बरोबर होतीस, हे मी जन्मात एकदाच लिहितो आहे, जपून ठेव. लोभ टिकवलास याबद्दल आभार.
तुझा,
दादा


आल्डरवीक,
८ जुलै २०१२

ती. विनीआत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी कळवलं असेलच. ठराव झाला, मी मानकरी झाले. शपथ राणीच्या नावानं घ्यावी लागते. मी ती घेत असताना बाबा संपूर्ण वेळ नाक शिंकरत होते. ब्रेंडा खिडकीबाहेर रडत होती. दुसऱ्या दिवशी मी गुरं नदीच्या अंगाला सोडली, कुणाला न विचारता. बाबा फाटकापाशी येऊन बघून गेले. त्यांना ते अंग आवडत नाही, पण बोलले नाहीत.

आता जे झालं ते लिहिते. हे बाबांनाही सांगितलेलं नाही.

शुक्रवारी ब्रेंडा चहाला आली होती. आता बाबांचा आणि माझा असे दोन मान झाले, गायरानावर आपली जागा उरते, तर तिच्या दोन कालवडी माझ्या नावावर सोडू का, असं तिनं विचारलं. सहज विचारलं. माझ्यासाठी जी बाई पावसात दारं वाजवत हिंडली, जिनं माझ्याबरोबर अडलेली वासरं ओढली, तिनं विचारलं. नियमात बसतं की नाही, हे मी शोधलंही नाही. चहा ओतता ओतता मी म्हणाले की असं कसं चालेल, गायरान मानकऱ्यांच्या मुलांमुलींचं आहे, आणि तुझे वडील तर रेल्वे फाटकावर होते.

आवाजसुद्धा चढवला नाही, आत्या. साखर किती, हे विचारावं तशी बोलले.

ब्रेंडा चिडली नाही. म्हणाली, बरोबर आहे, मी आपलं विचारलं. तिनं चहा संपवला, उठून स्वतःचा कप विसळला आणि पालथा घातला. माझ्या घरात तिनं कधी कप विसळला नव्हता. मग ती गेली, आणि काल-आज आलेली नाही.

उद्या तिच्याकडे जाणार आहे. तिच्या कालवडी गायरानावर आणायचा काही मार्ग निघतो का, ते स्टॅदर्सकाकांना विचारीन, नाहीतर माझी दोन विकीन. पण दारात उभी राहून तिला काय सांगू? माझ्या तोंडून चुकून निघालं, असं सांगता येत नाही. जे बोलले ते मला तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं. मान मिळून आठवडा झाला होता फक्त.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही. असलाच तर राहू दे.
तुझी,
मारियन