भाईदासची सव्वा मूठ

मी, तानुबाई कौतिक पाटील, वय ६८, धंदा केळीची वखार, मूळची भडगाव तालुक्यातली, हल्ली राहणार जळगाव, आज हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, राजीखुशीने लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, अंगात रक्त कमी आहे. डोक्यात काही कमी नाही. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहतं घर आणि वखार धाकटा मुलगा पंडित यास. केळी पिकवायच्या भट्टीचं दार खालून सुटलं आहे, ते त्याने आधी बसवावं. चार वर्षं सांगते आहे.

२. ओसरीवरची आरामखुर्ची बन्सीलाल यास. शहरात पिणारे तीन तऱ्हेचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बन्सीलाल झोप पिणारा. दुपारी शेजारी येऊन बसतो, मी डुलकी काढते आणि उठते ती जास्तच दमून. पण माणूस सभ्य, विचारल्याशिवाय पीत नाही. जिनिंग मिलकडचे रक्त पिणारे परक्याचं पितात, उंबऱ्याबाहेर थांबतात, 'नाही' म्हटलं की निघून जातात. त्यांना मी काही ठेवलेलं नाही.

भीती तिसऱ्यांची, घरच्यांची. ती आपलीच मेलेली माणसं. फक्त आपल्या घरातल्यांचं पितात, आणि आपण त्यांना घरातलं धरलं तरच येतात.

३. सोन्याच्या पाटल्या जाऊ पुष्पाबाई हिला. याचं कारण लिहिणं भाग आहे. थोरला मुलगा भाईदास १९८२ साली केळीचा ट्रक उलटून गेला. सुतकामुळे त्या वर्षी कानबाईच्या सणाचे रोट केले नाहीत. पुढच्या श्रावणात रोटांचे गहू मोजायला बसले. आमच्यात घरात जितकी माणसं तितक्या सव्वा मुठी. सवयीने भाईदासचीही पडली.

पुष्पा म्हणाली, "अक्का, ही मूठ कोनी शे? काढी ले."

चूक मला कळली होती. पण काढवेना. पोटचं पोर होतं ते. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे."

त्याच दिवशी दिवेलागणीला मागच्या दाराशी आवाज आला, "माय, भूक लागनी."

मी दार उघडलं. पुढे दरवर्षी त्याची मूठ मोजली आणि रोज संध्याकाळी त्याला मनगट दिलं. पंडितला वाटतं, आईला लांब बाह्यांचं पोलकं आवडतं. पुष्पा खरं बोलली म्हणून आठ वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. तिने मला माफ करावं.

४. गेल्या सोमवारी पिऊन झाल्यावर भाईदासने विचारलं, "धाकली आते कितली मोठी व्हयनी, माय?" धाकली आता केवढी झाली, असं. धाकली म्हणजे पंडितची लहान मुलगी. ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कागद आणवला.

माझ्यामागे नवे रोट होईपर्यंत दोन्ही नातींना पाचोऱ्याला आजोळी ठेवावं. पहिल्यांदा रोट कराल तेव्हा गहू सूनबाई लताने मोजावेत. पंडित, लता, दोन मुली, अशा चारांचे. भाईदासची मूठ मोजू नये. मोजलं नाही की त्यांना घर सापडत नाही. मग ते कुठे जातात, कुणाला माहीत नाही. माझ्या पोराला उपाशी ठेवा असं मीच लिहिते आहे. याची शिक्षा मला व्हावी, नातींना नको.

५. शेवटचं. घरच्याला रक्त पाजणारा मेल्यावर त्यांच्यातलाच होतो, असं पुष्पा तेव्हाच म्हणाली होती, आणि ती आजवर चुकलेली नाही. तेव्हा लता, हे तुला. माझी तेरवी होईल, मग कधीतरी दिवेलागणीला मी मागच्या दाराशी येईन. मुलींना नावाने हाका मारीन. भूक लागली म्हणेन, रडेन. तुला माझी दया येईल, कारण तू चांगली आहेस. रोटांचे गहू मोजताना माझीही मूठ टाकू नकोस.

सही: तानुबाई कौतिक पाटील

साक्षीदार, दोघांनी माझ्यादेखत, दिवसाउजेडी सह्या केल्या:
१. निंबा तोताराम महाजन, शेजारी
२. इंदिराबाई वना सोनवणे, निवृत्त परिचारिका

जळगाव, दि. २ ऑगस्ट १९९१